पहिला घोडा घेण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुष्करचा मेळा आटोपला आणि दत्तजयंती जवळ आली की सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला निघालेल्या मंडळींचे निरोप सुरू होतात. विचारणारे बदलतात, प्रश्न मात्र बहुतेक तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्याला लागू पडत असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. घोडा शौकासाठी घ्यायचा आहे, घरचं कुणीतरी त्यावर बसणार आहे आणि याआधी घरात घोडा कधी नव्हता, असं धरून ही उत्तरं लिहिली आहेत.

१. मला घोडा घ्यायचाच आहे. माझी तयारी झाली आहे का, हे कसं ओळखू?

पैशांचा हिशेब नंतर करू. आधी हे सांगा: एखाद्या घोड्याची मोहरकी (धरायला आणि बांधायला तोंडावर चढवतात ती) तुम्ही स्वतः चढवता का? चारही खूर उचलून साफ करता का? खरारा करून, खोगीर ठेवून, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळून, मदतीशिवाय फिरवून आणता का? आणि घोडा आज नेहमीसारखा नाही, हे तुमच्या लक्षात येतं का? ही कामं अंगवळणी पडली नसतील तर एवढ्यात घोडा घेऊ नका. जवळच्या रायडिंग क्लबमध्ये किंवा घोडे पाळणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे वर्षभर जा. नुसतं बसायला जाऊ नका, शेण काढायला आणि पाणी दाखवायलाही जा. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तिन्ही ऋतू तबेल्यात काढले की आपल्याला हे जमणार की नाही ते आपोआप कळतं.

मधला मार्गही आहे. कुणाचा तरी घोडा अर्धा खर्च उचलून आठवड्यातले ठरलेले दिवस सांभाळायला घ्यायचा. माझ्या मते पहिल्या घोड्याआधीचं हे सर्वांत शहाणपणाचं पाऊल आहे.

२. महिन्याला खर्च किती येतो?

भाव गावोगाव वेगळे, म्हणून आकडा सांगण्यापेक्षा मापं देतो. त्यावर आपल्या बाजाराचा भाव लावा. साधारण ४०० किलो वजनाच्या घोड्याला रोज वजनाच्या दोन टक्के, म्हणजे आठ किलोच्या आसपास कोरडी वैरण लागते. महिन्याचं गवत आणि कडबा धरून हे २४० किलो होतं. हलकं काम असेल तर त्यावर रोज दोन ते तीन किलो चंदी, म्हणजे ओट, जव, भिजवलेला हरभरा, थोडा गव्हाचा कोंडा. मीठ रोज. पाणी २५ ते ४० लिटर, वैशाखात त्याहून जास्त. नालबंद दर पाच-सहा आठवड्यांनी येतो. जंताचं औषध, धनुर्वाताची आणि रेबीजची लस हे डॉक्टर सांगतील त्या वेळापत्रकाने.

यात सर्वांत मोठा आकडा बहुतेकदा मोतद्दाराच्या, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्या माणसाच्या, पगाराचा असतो. तोच वाचवायचा असेल तर पहाटे आणि संध्याकाळी तुम्ही स्वतः तबेल्यात हवेत. सणावारी हवेत, घरात लग्न असलं तरी हवेत. शिवाय अचानकच्या आजारपणासाठी रक्कम बाजूला ठेवा. पोटशूळाचं एक गंभीर आजारपण सहा महिन्यांच्या चाऱ्याचा हिशेब उलटवू शकतं.

खरेदीची किंमत एकदाच मोजावी लागते, हा खर्च घोडा असेपर्यंत चालतो. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो हे आपल्याकडे अनेकांना ठाऊकच नसतं.

३. जागा किती लागते? घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहील का?

एका घोड्याला बारा फूट बाय बारा फुटांची खोली, छप्पर दहा-बारा फूट उंच आणि समोरासमोर हवा खेळेल अशी मोकळीक हवी. नुसता पत्रा मे महिन्यात भाजून काढतो. वर उसाचं पाचट किंवा गवत घाला, नाहीतर पत्र्याखाली दुसरं छत करा. जमीन दाबलेल्या मुरुमाची चांगली. गुळगुळीत फरशी किंवा कोबा असेल तर रबरी मॅट किंवा जाड भुशाचं अंथरूण लागतंच, नाहीतर घोडा घसरतो आणि बसायला कचरतो.

खोलीपेक्षा महत्त्वाचं आहे ते मोकळं आवार. घोडा चोवीस तास खुंट्याला अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढून-मागून दोर लावून, बांधून ठेवणं याला मी घोडा पाळणं मानत नाही. त्याला रोज काही तास सुटं फिरता यायला हवं. कुंपणाला काटेरी तार नको, तिने कापलेले पाय बरे व्हायला महिने लागतात.

कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्याचा वेगळा विचार करा. सतत ओल्यात उभं राहिल्याने खूर आतून कुजतात आणि घाण वास यायला लागतो. पाठीवर खपल्या धरतात. तिथे उंचवट्यावरचा, पाणी न साचणारा तबेला आधी बांधा आणि मग घोडा बघायला निघा. शहरात असाल तर महापालिकेकडे आणि सोसायटीकडे लेखी विचारा. रोजचं पंधरा-वीस किलो शेण कुठे जाणार, हे शेजारी पहिल्याच आठवड्यात विचारतात.

४. एकच घोडा घेतला तर तो एकटा राहील का?

राहतो, पण सुखात राहत नाही. घोडा कळपातला प्राणी आहे. एकटेपणात काही घोडे दिवसभर डुलतात, काही दात लाकडाला लावून हवा ओढायला लागतात, आणि एकदा लागलेली ही सवय जात नाही. दुसरा घोडा शक्य नसेल तर गाढव, निदान शेळी सोबतीला ठेवा. गावात आणखी कुणाचे घोडे असतील तर तुमचा तिथे ठेवता येतो का, ते आधी बघा.

५. मारवाडी, काठियावाडी की भीमथडी? पहिल्या घोड्याला जात कोणती?

महाराष्ट्रातल्या बाजारात मारवाडी आणि काठियावाडीच जास्त दिसतात. दोघांचे कान आत वळलेले, टोकाशी जवळजवळ भिडणारे. मारवाडी उंच आणि देखणा, काठियावाडी जरा आटोपशीर. दोन्ही जाती उन्हाला आणि कमी चाऱ्याला काटक आहेत. काहींना रेवाल चाल असते, बसणाऱ्याला धक्के फार कमी बसतात. स्वभाव मात्र तल्लख असतो. चांगल्या हाती पडला तर सोनं, नवख्याच्या हाती घाबरट होतो.

भीमथडी ही आपल्या मातीतली जात. भीमा-नीरेच्या खोऱ्यातली, मराठ्यांच्या घोडदळाशी नाळ असलेली, आणि आज मुख्यतः धनगर मेंढपाळांच्या वाड्यांसोबत (फिरत्या कबिल्यांसोबत) ओझी वाहत फिरणारी. केंद्र सरकारच्या नोंदणीत तिला आता स्वतंत्र जात म्हणून मान्यता आहे. अंगाने लहान, पायाने पक्की, स्वभावाने शांत. हलक्या वजनाच्या माणसाला किंवा जाणत्या मुलाला ही उत्तम. पण बरीच जनावरं फक्त ओझ्याला सरावलेली असतात, खोगिराला नाही, ते विचारून घ्या.

इतकं सांगून झाल्यावर माझं मत: जात शेवटी बघा. आधी स्वभाव, मग शिक्षण, मग तब्येत, मग वय. रंग तर सर्वांत शेवटी. आणि वजनाचा मेळ घाला. स्वार अधिक खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत असावं. ३५० किलोच्या घोड्यावर ९० किलोचा माणूस बसवणं हा त्याच्या पाठीवर अन्याय आहे.

६. घोडी घ्यावी की घोडा?

खच्ची केलेला घोडा मिळाला तर तोच. आपल्याकडे खच्ची करण्याची पद्धत कमी असल्याने तो शोधावा लागतो. नाहीतर शांत घोडी. हंगामात साधारण दर एकवीस दिवसांनी माजावर येते तेव्हा काही घोड्या चिडचिड करतात, ते सांभाळता येतं. न खच्ची केलेला वळू घोडा पहिला म्हणून घेऊ नका, कितीही देखणा असला तरी. जवळून घोडी गेली की त्याला तुमचा लगाम आठवत नाही.

घोडी घेताना ती गाभण आहे का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या. घोडीचा गाभणकाळ अकरा महिन्यांचा असतो आणि सुरुवातीला पोटावरून काहीच कळत नाही.

७. वय किती असावं? विकणारा सांगतो ते खरं कसं धरायचं?

नवख्या माणसाला सात ते चौदा वर्षांचा घोडा योग्य. बाजारात तीन-चार वर्षांच्या जनावरावर उड्या पडतात, कारण ते चमकतं. पण त्याला अजून काहीच येत नसतं, आणि तुम्हालाही येत नसतं. दोघांपैकी एकाला तरी काम माहीत हवं.

वय दातांवरून बघतात. समोरचे मधले दुधाचे दात अडीच वर्षांच्या सुमारास पडून कायमचे येतात, त्यांच्या शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. पाचव्या वर्षी तोंड पुरं होतं. पुढे दातांच्या माथ्यावरचे खळगे झिजत जातात आणि म्हातारपणी दात लांब होऊन पुढे झुकतात. पाचपर्यंतचा अंदाज बराच नेमका असतो. दहानंतर जाणकारही दोन-तीन वर्षांनी चुकतो, म्हणून जन्मतारखेची नोंद असलेला कागद मिळाला तर तो जास्त मोलाचा.

८. मुलगा दहा वर्षांचा आहे. शिंगरू घेतलं तर दोघं सोबत मोठी होतील ना?

या कल्पनेत माया आहे हे मला कळतं, पण कृपा करून असं करू नका. शिंगरावर तीन-साडेतीन वर्षांपर्यंत कुणी बसू नये, त्याची हाडं तयार नसतात. त्या काळात त्याला शिस्त लावायला कसलेला माणूस लागतो. लाडात वाढलेलं शिंगरू दोन वर्षांचं झालं की चावतं, पुढचे पाय अंगावर टाकतं, आणि तोवर ते मुलाच्या पाचपट वजनाचं झालेलं असतं. मुलासाठी वयाने मोठी, अनेकांना शिकवून झालेली घोडी शोधा (प्रश्न ७).

९. बाजारातून घ्यावा की घरच्या पाळणाऱ्याकडून?

आपल्याकडच्या मोठ्या बाजारांपैकी हे दोन. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा, आणि नांदेड जिल्ह्यात माळेगावची खंडोबाची यात्रा, तीही मार्गशीर्षातच, वद्य पक्षात. शेकडो जनावरं एका ठिकाणी दिसतात, डोळा तयार होतो. पहिल्या वर्षी तिथे जरूर जा, भरपूर बघा, भाव विचारा आणि रिकाम्या हाताने परत या. बाजाराच्या गोंगाटात घोड्याचा खरा स्वभाव दिसत नाही, आणि दलालाची घाई तुम्हाला विचार करू देत नाही. कोटींच्या किमतीच्या बातम्या येतात ते नामांकित, प्रदर्शनातले घोडे. त्यांच्याशी आपला संबंध नाही.

पहिला घोडा घरच्या पाळणाऱ्याकडून किंवा रायडिंग क्लबमधून घेतलेला बरा. तिथे तो रोज कसा वागतो ते दिसतं आणि तीन-चार वेळा जाता येतं. बाजारातूनच घ्यायचा असेल तर जाणकार सोबत न्या. मात्र त्याला त्याचा मोबदला तुम्ही द्या, विकणाऱ्याने नव्हे.

१०. घोडा बघायला गेल्यावर नेमकं काय बघायचं?

आधी न कळवता, किंवा सांगितलेल्या वेळेच्या तासभर आधी पोचा. पोचल्या पोचल्या तंगाच्या जागी, छातीच्या मागे हात फिरवा. तिथे घाम किंवा ओल लागली, केस दबलेले दिसले, तर तुम्ही येण्याआधी त्याला पळवून दमवलेलं आहे. खालचा ओठ लोंबतोय, पापण्या जड आहेत, माशा बसल्या तरी शेपूट हलत नाही, असं असेल तर औषध देऊन शांत केल्याची शंका घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा या.

मग उभं राहून नुसतं बघा. खोलीत असताना कान मागे पाडतो का? मोहरकी चढवताना तोंड वर पळवतो का? चारही खूर तुम्ही स्वतः उचला. तळव्यावर हात ठेवून एक खूर बाकीच्यांपेक्षा गरम लागतो का ते बघा. खुराच्या भिंतीवर आडव्या वळ्या दिसल्या तर कधीतरी मोठा आजार होऊन गेलेला असू शकतो. डोळ्यांसमोर एकेका बाजूने हात न्या, पापणी मिटायला हवी.

लगाम सैल धरून कठीण जमिनीवर सरळ रेषेत दुडकी चालवायला सांगा, आधी तुमच्यापासून लांब, मग तुमच्याकडे. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना घोडं डोकं वर उचलतं आणि चांगला पाय टेकताना खाली करतं. मऊ वाळूत ही लंगड लपते, म्हणून वाळूवरच दाखवण्याचा आग्रह असेल तर सावध व्हा.

आधी मालकाला किंवा त्याच्या माणसाला वर बसू द्या. तो बसायला तयार नसेल तर तुम्हीही बसू नका. तो बसल्यावर सगळं ठीक दिसलं तर मग तुम्ही. पायी चाल, दुडकी, थांबवणं, दोन्ही बाजूंना वळवणं, इतर घोड्यांपासून दूर नेणं आणि रस्त्यावर ट्रॅक्टरजवळून नेणं, एवढं बघा. नाचून दाखवलेला घोडा बघून भुलू नका. तुम्हाला हवा आहे तो उभं राहा म्हटल्यावर उभा राहणारा.

११. केसांचे भोवरे, खोड (अशुभ मानलेली खूण) आणि शुभ-अशुभ रंग मानावेत का?

भोवऱ्याने स्वभाव ठरत नाही आणि घरावर संकटही येत नाही. पण बाजार हे मानतो, ही वस्तुस्थिती आहे. गळ्यावरच्या देवमन भोवऱ्याला आणि पंचकल्याणाला (चार पाय आणि तोंड पांढरं) भाव चढतो, डोळ्याखाली आसूढाळ भोवरा असेल तर उतरतो. म्हणजे ‘अशुभ’ ठरलेला गुणी घोडा तुम्हाला स्वस्तात मिळू शकतो. फक्त विकताना तुम्हालाही कमीच मिळेल आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचं मन आधी वळवावं लागेल.

रंगात तब्येतीचा भाग एवढाच. नुकऱ्याची (जन्मतः पांढऱ्या घोड्याची) गुलाबी कातडी नाका-डोळ्यांभोवती उन्हाने भाजते. वयाबरोबर पांढऱ्या होत जाणाऱ्या सब्ज्या घोड्यांना पुढे कातडीवर, विशेषतः शेपटीखाली, गाठी येण्याचं प्रमाण जास्त असतं. तिथे शेपूट उचलून बघा.

१२. डॉक्टरांची तपासणी खरंच लागते का? ग्लँडर्सची चाचणी म्हणजे काय?

लागतेच. डॉक्टर तुमचे असावेत, विकणाऱ्याचे नकोत, आणि घोडे बघणारे असावेत. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर बहुतेक वेळ गाई-म्हशींत असतात. म्हणून घोडा घेण्याआधीच आपल्या भागात रात्री-अपरात्री घोड्यासाठी कोण येईल, ते नाव नक्की करा. शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर, मुंबई इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत विचारलं तर माणूस सापडतो. डॉक्टर हृदय, फुप्फुसं, डोळे, दात, पाय आणि सांधे बघतील. तुमच्या माहितीसाठी: विश्रांतीत नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४, श्वास ८ ते १६, आणि ताप १०१ अंश फॅरनहाइटच्या आसपासपर्यंत ठीक.

ग्लँडर्स हा जिवाणूजन्य आजार आहे. नाकातून घट्ट स्राव, अंगावर गाठी आणि फुटणाऱ्या जखमा ही त्याची लक्षणं. काही जनावरांत तो वरून काहीच न दाखवता दीर्घकाळ राहतो. माणसालाही होतो आणि जिवावर बेततो. त्यावर लस नाही. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंधक कायद्याखाली तो कळवणं बंधनकारक आहे, आणि बाधित ठरलेलं जनावर दयामरण देऊन पुरलं जातं. म्हणून रक्ततपासणीचा अहवाल हातात आल्याशिवाय पैसे पुरे करू नका. नमुने पशुसंवर्धन खात्यामार्फत जातात. देशातली या कामाची मुख्य संस्था हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे.

सोबत सर्राची चाचणीही सांगा. चावऱ्या माशांमुळे पसरणारा हा रक्तातला आजार पावसाळ्यात आणि त्यानंतर वाढतो. येऊन-जाऊन ताप, पोटाखाली आणि पायांवर सूज, खाऊनही खंगत जाणं ही त्याची चिन्हं.

१३. विकणाऱ्याकडे आधीचा अहवाल आहे. तो चालेल का?

अहवाल कोणत्या घोड्याचा आहे, हे आधी जुळवा. त्यातला रंग, खुणा, भोवरे, पांढरे पाय आणि मायक्रोचिप असल्यास तिचा क्रमांक समोरच्या जनावराशी जुळायला हवा. तारीखही बघा. अहवालानंतर घोडा दोन बाजार फिरून आला असेल तर त्या कागदाला अर्थ नाही, नवी चाचणी करा. घरी आणल्यावर तीन आठवडे तरी इतर घोड्यांपासून वेगळा ठेवा. बादली, खराऱ्याचा ब्रश, चंदीची पिशवी, सगळं वेगळं.

१४. कागदपत्रं कोणती घ्यायची? राजस्थानातून आणता येईल का?

विक्रीची पावती घ्या. बाजारात असाल तर बाजार समितीची, खासगीत असाल तर दोघांच्या सह्यांची. तीत घोड्याचं वर्णन, किंमत, तारीख आणि ‘माहीत असलेले दोष’ असा रकाना हवा. नोंदणीकृत मारवाडी किंवा थॉरोब्रेड (रेसच्या घोड्यांची जात) असेल तर पासपोर्ट, म्हणजे घोड्याचं ओळखपत्र, आणि मालकी बदलाची नोंद. थॉरोब्रेडची वंशनोंद ठेवणारी संस्था पुण्यात आहे.

परराज्यातून आणता येतो. प्रवासासाठी घोडा निरोगी व प्रवासायोग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला कायद्याने लागतो. ग्लँडर्सचा उद्रेक असेल तर त्या भागातून ने-आण बंद असते, म्हणून निघण्याआधी दोन्हीकडच्या पशुसंवर्धन कार्यालयांत चौकशी करा. गाडीत घोडा उभा राहील एवढी उंची, खाली न घसरणारं अंथरूण, काही तासांनी थांबा आणि पाणी हवं. पोचल्यावर दोन-तीन दिवस ताप मोजत राहा, लांबच्या प्रवासानंतर छाती भरण्याचा धोका असतो.

१५. रेसचा निवृत्त घोडा जवळजवळ फुकट मिळतोय. घेऊ का?

पहिला म्हणून नको. मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सवरून निघणारे थॉरोब्रेड चार-सहा वर्षांचे, उमदे, आणि बिचारे कुणीतरी घ्यावेत असेच असतात. पण त्यांना पळणं शिकवलेलं असतं. हलक्या हाताने थांबणं, एकटं फिरणं हे पुन्हा शिकवावं लागतं. अनेकांच्या पायांच्या कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) दुखावलेल्या असतात, खूर पातळ असतात आणि खुराक देशी घोड्यापेक्षा बराच जास्त लागतो. अनुभवी प्रशिक्षक रोज हाताशी असेल, तर या प्रश्नाचं उत्तर बदलतं.

१६. लग्नाच्या वरातीला भाड्याने दिला तर खर्च निघेल ना?

शौकाचा घोडा आणि वरातीचा घोडा हे दोन वेगळे घोडे आहेत. डीजेच्या भिंती, फटाके, रात्री उशिरापर्यंत डांबरावर उभं राहणं, हे सगळं सहन करायला त्याला वेगळं तयार करावं लागतं. न सरावलेला घोडा गर्दीत बिथरला तर माणसं जखमी होतात आणि जबाबदारी मालकाची. खर्चाची भिस्त यावर असेल तर प्रश्न २ पुन्हा वाचा. तो खर्च खिशातून झेपत नसेल तर घोडा एवढ्यात घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

१७. पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त काय चुकतं?

चारा. नव्या घरी आला म्हणून लाडाने चंदी वाढवतात, किंवा पहिल्याच दिवशी हिरवी लसूणघास ढीगभर टाकतात. घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात जे गेलं ते पुढेच सरकावं लागतं, आणि तिथे अडलं की पोटशूळ. म्हणून आधीच्या मालकाकडून आठवड्याभराचा त्याचा नेहमीचा चारा सोबत आणा आणि दहा-बारा दिवसांत हळूहळू आपल्या चाऱ्यावर न्या. थोडं थोडं, दिवसातून तीन-चार वेळा, वैरण आधी आणि चंदी नंतर.

वळून पोटाकडे बघणं, पायाने जमीन उकरणं, सारखं बसणं-उठणं, लोळणं, लीद बंद होणं ही पोटशूळाची चिन्हं. दिसताच समोरचा चारा काढा आणि डॉक्टरांना फोन करा. येईपर्यंत सावकाश चालवा, पण दमवू नका. बाटलीने किंवा नळ्याने तेल पाजू नका. गावोगाव हे करतात आणि ते तेल श्वासनळीतून फुप्फुसात जातं. तेल द्यायचंच असेल तर डॉक्टर नाकातून नळी घालून देतील.

१८. घरी गाई आहेत. त्यांचं पशुखाद्य घोड्याला चालेल का?

नाही. गाईंच्या आणि कोंबड्यांच्या काही खाद्यांत मोनेन्सिनसारखी औषधं मिसळलेली असतात. गाईला ती पचतात, घोड्याचं हृदय त्यांनी बंद पडतं, अगदी थोड्या मात्रेतही. एकाच घमेल्यातून दोघांना घालणंसुद्धा टाळा आणि पोती वेगळ्या खोलीत ठेवा. बुरशी लागलेला मका आणि कडबा गाईपुढेही टाकू नये, घोड्याच्या तर मेंदूवर जातो. कोवळी किंवा पाण्याअभावी खुरटलेली ज्वारी दोघांनाही विषारी. वाळलेला, स्वच्छ, धूळ झटकलेला कडबा मात्र चालतो. त्याची बारीक कुट्टी करण्यापेक्षा लांब तुकडे द्या, चावण्यात त्याचा वेळ जायला हवा.

१९. घेतला आणि पटला नाही, तर परत देता येईल का?

आधी ठरवलं असेल तरच. इसार देतानाच लिहून घ्या की पंधरा दिवस किंवा महिनाभर घोडा तुमच्याकडे राहील, त्या काळात चाऱ्याचा आणि औषधाचा खर्च तुमचा, आणि अमुक कारणासाठी परत केल्यास इतकी रक्कम परत मिळेल. लंगड, हवा ओढणं, स्वाराला पाडण्याची खोड, ही कारणं नावाने लिहा. घरच्या पाळणाऱ्याला आपल्या घोड्यावर विश्वास असेल तर तो याला तयार होतो. बाजारात असा करार होणं कठीण, हेही तिथून पहिला घोडा न घेण्याचं एक कारण (प्रश्न ९).

पटेनासा झाला तर लगेच विकायला काढू नका. पहिले दोन महिने नवा घोडा माणूस जोखत असतो. याच काळात प्रशिक्षकाला आठवड्यातून दोनदा घरी बोलवा. बऱ्याच वेळा दोष खोगिराच्या मापात, दातांच्या धारेत किंवा जास्तीच्या चंदीत निघतो, आणि तो दूर केला की तेच जनावर आठ-पंधरा दिवसांत शांत होतं.